मैनेच्या खुराचं सूत

देवपुरात झिपरू नालबंदाचं घर विचारलं तर कुणी गल्ली-बोळ सांगत बसत नसे. "पांझरेचा पूल उतरा आणि ठोक ऐकू येईल तिकडे चालत सुटा," एवढंच सांगत. पण एकोणनव्वद-नव्वदच्या सुमाराला ही खूण बेभरवशाची झाली होती, कारण ठोकच ऐकू येईनाशी झाली. धुळ्यातले टांगे एकेक करून मोडीत निघाले आणि त्यांच्या जागी रिक्षा आल्या. त्यातली एक रिक्षा झिपरूआबांच्या एकुलत्या एका पोराची, मगनची होती. टांगेवाले आबांना चिडवत, "तुम्ही जन्मभर आमच्या घोड्यांना नाला मारल्या, आणि तुमच्या पोरानं आमच्या पोटावर पाय दिला." आबा हसून म्हणत, "रिक्षाले खूर नही रे भो, नहीतर तिले बी मारी दिनी असती."

तरी आबांचं काम अगदीच बसलं नव्हतं. लग्नातल्या नाचऱ्या घोड्या होत्या, आणि मुख्य म्हणजे शर्यतीची जनावरं होती. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो आणि एकेका घोड्याच्या हलक्या टांग्यांच्या शर्यती होतात. त्या यात्रेत पळणाऱ्या कितीतरी घोड्यांच्या नाला आबांच्या ऐरणीवरून जात. शेतकरी माणूस वर्षभर घोडी मऊ जमिनीवर अनवाणीच फिरवतो, पण शर्यतीच्या आधी मात्र त्याला आबाच लागत. आबा आधी दहा गोष्टी सांगून डोकं उठवत. घोडी ओल्यात बांधू नका, खुराला रोज तिळाचं तेल चोळा, तळवा खडे काढून साफ ठेवा, शर्यतीच्या तोंडावर नाल मारायला येऊ नका, दोन-तीन दिवस आधी या. "खिया मारेल शे हाई घोडी इसरनी पाहिजे, मंग ती पळस," खिळा मारलाय हेच घोडीनं विसरायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आबा काही पिढीजात नालबंद नव्हते. बापाची कोरडवाहू चार पट्ट्यांची शेती होती. पोरवयात ते धुळ्याच्या टांगा स्टँडवर रेंगाळत, तिथं एका म्हाताऱ्या मुसलमान नालबंदानं त्यांना हाताशी धरलं. आबा आयुष्यभर त्यांना नुसतं उस्ताद म्हणत. नाव घेतलं तर कानाची पाळी धरत. उस्तादांनी त्यांना रापीनं खूर तासायला शिकवलं, खिळा बाहेरच्या अंगाला कसा झुकवायचा ते शिकवलं, आणि सगळ्यात मोठी विद्या दिली ती सुताची.

ती विद्या साधीच होती. खुराच्या एका टाचेपासून पुढून फिरवून दुसऱ्या टाचेपर्यंत कापसाचं सूत लावायचं आणि तेवढंच तोडायचं. आतल्या बाजूचं टोक काजळीत बुडवायचं, म्हणजे आत-बाहेर कळतं. जिथं खिळा मारायचा तिथं सैल गाठ. आणि खुराची भिंत जिथं आतून पोकळ असेल, जिथं चुकूनही खिळा जाता कामा नये, तिथं मेण लावून पक्की गाठ, अशी की दातांनीही सुटू नये. मग सूत हळद-तेलात बुडवून वाळवायचं, म्हणजे कीड लागत नाही. चारी पायांची चार सुतं लाल नाड्यानं बांधून खुंटीला. नाल घरी ऐरणीवर या सुतावरून बनवायची आणि यात्रेत जाऊन नुसती बसवायची. उस्ताद बजावून गेले होते की या सुताला पाय लागू देऊ नकोस, जनावराचा पाय आहे तो. म्हणून आबांनी सगळ्या खुंट्या देव्हाऱ्याच्या वरच्या भिंतीवर ठोकल्या होत्या. तिथं धूप-दिव्याच्या धुरानं सुतं तांबूस झाली होती. कुठली खुंटी कुठल्या घोड्याची हे आबांना पाठ होतं. बाकी जे काही सुताला सांगितलं, ते आबा डोक्यातून काढून टाकत. जागा मोकळी राहते म्हणत.

आता या घरात एका उन्हाळ्यात सून आली ती सुनंदा; यात्रेचा हंगाम तिनं अजून पाहिला नव्हता.

सुनंदा रावेरकडची, केळीच्या मुलखातली. आई लहानपणीच गेली, म्हणून मामाच्या घरी वाढली. मामी काही दुष्ट बाई नव्हती, पण तिच्या तोंडाला कडी नव्हती. एकदा पोरीनं तापवलेलं दूध नासलं, एकदा तिनं हात घातलेल्या लोणच्याला बुरशी आली, आणि मामीनं ठरवून टाकलं की हिच्या हाताला यश नाही. तेव्हापासून कुळाचार असो की कुरडयांचा चीक असो, "तू हात नको लावू व माय," हेच त्या पोरीनं ऐकलं. आबा तिला पाहायला गेले तेव्हा चहाची बशी आणताना तिचे हात इतके कापत होते की अर्धा चहा आबांच्या धोतरावर. मामीनं कपाळाला हात लावला. आबा म्हणाले, "धोतर तसं बी धोवानं व्हतं." आणि त्यांनी तिथंच पोरगी पसंत केली. मगनला विचारायचं बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

घरात आल्यावरही सुनंदा कशाला हात लावायच्या आधी दोनदा धुवायची. देवाचा दिवा लावायला सासूला हाक मारायची, विरजण लावायला शेजारणीला. आबांना हे फार लागे. घोड्याचा बुजरेपणा कसा घालवायचा हे त्यांना माहीत होतं. त्याला ओढायचं नाही, आपण शेजारी उभं राहायचं आणि दुसरंच काहीतरी करत राहायचं. त्यांनी सुनेच्या बाबतीतही तेच केलं. तिनं घातलेलं लोणचं मिटक्या मारत खाल्लं, तिनं लावलेलं दही शेजारी वाटलं. शेवंताबाई, म्हणजे आबांची बायको, जिभेनं तिखट होती. ती एकदा म्हणाली, "मन्हा हातनं दहीले तीस वरीसमा कधी इतलं साजरं म्हनं नही तुम्ही." आबा म्हणाले, "तुले गरज नव्हती." त्या दिवसापासून शेवंताबाईही दह्याची तारीफ करायला लागली.

त्याच वर्षी कार्तिकात शेवंताबाईचा भाऊ आजारी पडला आणि ती एरंडोलजवळ माहेरी गेली. महिनाभर तरी येणार नव्हती. त्रिपुरी पुनवेला आबा कासोद्याकडे एका वरातीच्या घोडीसाठी गेले होते, मगन रिक्षावर. संध्याकाळी आबा घरी आले, हातपाय धुतले आणि देवाला नमस्कार करायला उभे राहिले. भिंत रिकामी होती. खुंट्या होत्या, आणि खुंट्यांवर झेंडूच्या माळा होत्या.

सुनंदा आतून आली. तिचा चेहरा आबांनी कधी पाहिला नव्हता इतका उजळला होता.

"आबा, आज मी वर्षाच्या वाती लावल्या. नदीवर, महादेवाच्या देवळात. गल्लीतल्या बाया निंघाल्या व्हत्या, मंग मी बी गेली. देवाच्या भितीवर जुनं सूत व्हतं ना, हळद लावेल, तेल लावेल, लाल नाडा बांधेल. म्या म्हटलं, माय माहेरी जाता जाता वातींसाठीच ठेवून गेली. गाठी सोडल्या, वाती वळल्या. कोन्हाला इचारलं नाई आबा. माह्या हातानं केलं बठ्ठं. अन् जळल्या बी अशा, एकबी इझली नाई."

आबा भिंतीकडे पाहत राहिले. तिथं पिंपळनेर होतं, साक्री होतं, शहादं होतं. कितीतरी जनावरांचे पाय होते. ते सगळे पांझरेच्या काठी जळून गेले होते, आणि एकही वात विझली नव्हती.

"काय मागं देवजोडे?" त्यांनी विचारलं.

सुनंदा लाजली. "तुमच्यासाठी मागलं. आबाच्या हातून कोन्या जनावराला दुखापत होऊ नाई म्हणून."

तिथं दुसरा कुणी असता तर त्यानं डोकं धरलं असतं. पण या पोरीनं जन्मात पहिल्यांदा कुणाला न विचारता काही केलं होतं. आज हिला खरं सांगितलं तर हा हात पुन्हा कधी वर यायचा नाही, हे त्यांना खूर हातात घेतल्यासारखं स्पष्ट दिसलं.

"चांगलं करं पोरी," ते म्हणाले. "भलतं चांगलं करं."

रात्री जेवायला मगन आला, त्यानं भिंत पाहिली आणि त्याचा घास हातातच राहिला. तोंड उघडणार तेवढ्यात आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गडबडीनं म्हणाला, "भिंत साजरी दिसी राहिनी." सुनंदानं त्याला आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवसापासून आबा पिशवी घेऊन हिंडायला लागले. एसटीनं, कुणाच्या बैलगाडीनं, जमेल तसं. जिथं जात तिथं सांगत, "खूर वाढस रे भो. नवं माप ल्हेवाले पाहिजे." लोकांना वाटलं, म्हातारपणी आबांना नसता सोस लागला. नवी सुतं त्यांनी घरात टांगली नाहीत, पिशवीत तळाशी ठेवली आणि वर फडकं घातलं. नाला बनवताना सुनंदा जवळ आली की सूत मुठीत लपवत. साठी उलटलेला माणूस, आणि चोरून बिडी ओढणाऱ्या पोरासारखा वागायला लागला.

साध्या खुरांचं काम असं निभावलं. अडलं ते मैनेपाशी.

मैना ही पिंपळनेरच्या धनसिंगची घोडी, पांढऱ्या कपाळाची. दोन वर्षांपूर्वी घाटाच्या रस्त्यात तिच्या पुढच्या उजव्या खुरात खडा शिरला आणि आत पू झाला. पू शेवटी टाचेतून फुटून बाहेर आला. आबांनी कडुलिंबाच्या पाण्यात पाय शेकून शेकून तिला उभी केली. वरून खूर नवा आला, गुळगुळीत झाला, पण भिंतीत एका जागी आतून पोकळ राहिलं. वाती झाल्या तेव्हा आबांच्या अख्ख्या भिंतीवर पक्की गाठ एकच होती, ती मैनेची. आणि ही घोडी अशी सोशिक, की दुखतं तिथं हातोडी वाजवली तरी कान हलवत नसे. दुसरं जनावर पाय ओढून सांगतं. मैना काही सांगायची नाही, खिळा पोकळीत गेला तर मुकाट पळायची आणि मग कायमची लंगडायची.

आबा पिंपळनेरला गेले. खूर मांडीवर घेऊन अंगठ्यानं दाबून पाहिला, आतून, बाहेरून, पुन्हा आतून. मैना समोरच्या कडब्याकडे पाहत उभी. आबांना खूर आठवत होता, पू आठवत होता, त्याचा वासही आठवत होता, पण जागा आठवत नव्हती. ती त्यांनी सुताला सांगून टाकली होती.

"आबा, गये सालनं माप शेच ना तुमनाजोडे?" धनसिंगनं विचारलं.

"शे ना. नुसतं दखी राहिनू," आबा म्हणाले. मग अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "गड्या, पोकळ कोनी बाजूले व्हतं, ध्यानमा शे का तुले?"

"बाहेरनी बाजू," धनसिंग ठामपणे म्हणाला.

"आतली," चुलीपासून त्याची बायको सुंदरबाई म्हणाली. "आबांनी आतली बाजू तासी व्हती. मी गरम पानी आनी दी राहिंथू."

"तुले काय समजस घोडीमा?" धनसिंग म्हणाला, आणि त्यावर नवरा-बायकोचं जे जुंपलं त्यात आबांचा चहा थंड झाला. ते तसेच परत आले. एवढ्या लांबच्या एसटीत त्यांनी मैनेचा पाय मनातल्या मनात शंभरदा उचलला, आणि दर वेळी पोकळ वेगळ्या जागी निघालं.

दत्तजयंती जवळ आली. आबा हातोडी, रापी, नाला घेऊन सारंगखेड्याला गेले. तापीकाठच्या माळावर हजारभर जनावर उतरलं होतं. आबांनी लिंबाच्या झाडाखाली बैठक मांडली आणि एकामागून एक घोडे हातावेगळे केले. मैनेची पाळी आली की ते दुसऱ्या घोड्याला हाक मारत. उद्या करू म्हणाले, सकाळी करू म्हणाले, ऊन उतरल्यावर करू म्हणाले. धनसिंग बिचारा दर वेळी घोडी परत नेऊन बांधायचा.

शर्यत दोन दिवसांवर आली त्या दुपारी करायला दुसरा घोडा उरला नाही. आबांनी मैनेचे तीन पाय केले. चौथा मांडीवर घेतला, नाल लावली, खिळा धरला, हातोडी उचलली आणि तशीच धरून बसले. खिळे कमी मारावेत तर धावताना नाल उडणार. पूर्ण मारावेत तर कुठला खिळा कुठं जाईल कुणास ठाऊक. मैना मान वळवून त्यांच्या पाठीला हुंगत होती. तिला त्यांचा पूर्ण भरवसा होता, आणि तोच त्यांना सोसेना.

आबांनी पाय खाली ठेवला आणि उठून उभे राहिले.

"धनसिंग, घोडीले यंदा पळाडू नको. मैनानं माप मनाकडीन हारपी गयं. कोठे खिया मारना नि कोठे नही, ते माले आते समजत नही."

आजूबाजूला दहा-बारा घोडेवाले बसले होते. आबांच्या हातून माप हरवतं हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. धनसिंगला आधी ते खरंच वाटलं नाही, मग त्याचा चेहरा उतरला. वर्षभर स्वतः अर्धी भाकरी खाऊन त्यानं घोडीला चारलं होतं.

"इतला वरीस तुमना हातवर इस्वास ठेवा आबा," तो म्हणाला, "आनि आज सांगतस? घर उनात तवय का नही सांगं?"

"लाज वाटनी," आबा म्हणाले. "मनी चूक शे. दुसरा कोनी नही, मनीच."

कुणीतरी मागून बोललं की आता आबांनी हातोडी ठेवावी, वय झालं. आबांनी ते ऐकलं. मान खाली घालून ते रापी पुसत राहिले. आपली अब्रू गेल्याचं दुःख त्यांना झालं नाही असं नाही. फार झालं. इतकं की डोळ्यांपुढं रापी दिसेना.

"आयकं का. इकडे दखा, कोन उनं शे ते."

आवाज शेवंताबाईचा. आबांनी वर पाहिलं. डोक्यावर पदर, धुळीनं भरलेले पाय, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात सुनेचं मनगट घट्ट धरलेलं, अशी ती उभी होती. एसटी स्टँडपासून दोघी चालतच आल्या असाव्यात. सुनंदाचे डोळे रडून सुजले होते. या दोघी किती वेळ मागं उभ्या होत्या, काय काय ऐकलं, आबांना कळेना.

झालं होतं असं. शेवंताबाई आदल्या दिवशी माहेराहून आली आणि तिनं भिंत पाहिली. सुनंदानं हौसेनं वातींचं सांगितलं. शेवंताबाई मटकन खालीच बसली. म्हणाली, "माय वो, ते घोडासना पायनं माप व्हतं." यापुढं तिनं एक शब्दही वाईट काढला नाही, ही तिची आयुष्यातली मोठी कमाई समजावी. सुनंदा मात्र भिंतीशी जाऊन बसली आणि आपले दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. पाणीसुद्धा पिईना. बऱ्याच वेळानं तिनं डोकं वर केलं. "माय," ती म्हणाली, "गाठीची वात देवाला लावत नाई ना?"

"नही लावत."

"मंग एक सूत मी लावलं नाई. त्याची गाठ सुटेचना. दातानं बी सुटली नाई. देवाचं सूत फेकावं कसं, म्हणून तुळशीत ठेवलं."

पहाटेची पहिली एसटी पकडून दोघी निघाल्या होत्या.

सुनंदा पुढं आली. तिनं पदराची गाठ सोडली. आत तुळशीची माती लागलेलं, हळदीच्या रंगाचं एक सूत होतं. "आबा, माप हारपलं नाई," ती म्हणाली. "म्याच..."

"हां," आबा मोठ्यांदा म्हणाले, सगळ्या घोडेवाल्यांना ऐकू जाईल असे. "घरमाच व्हतं. मीच येडा पिशवीमा धुंडी राहिंथू. मनी वहूनी संभाळीसन ठेवं, तिनीच आनं. दे माय."

"पण आबा, म्या..."

"आते बोलू नको. पाय धर."

सुनंदानं सासूकडे पाहिलं. शेवंताबाईनं तिचं मनगट सोडलं आणि हलकेच पुढं ढकललं. आबांनी मैनेचा पाय उचलून सुनेच्या ओंजळीत दिला. तिनं हात धुतले नव्हते, धुवायला वेळच नव्हता. घोडीचं वजन हातावर आलं तशी ती कचरली, मग गुडघे वाकवून नीट उभी राहिली. मैनेनं एकदा तिचा खांदा हुंगला आणि कडब्याकडे तोंड वळवलं.

आबांनी सूत लावलं. काजळीचं टोक आत, आतल्या टाचेवर. तिथून बोटानं पुढं सरकत गेले. गाठ आली, आतल्या अंगाला, टाच आणि टोक यांच्या मध्याच्या जरा मागं. त्यांनी तिथं अंगठा ठेवला, आणि अंगठ्याला ती जागा ओळखीची वाटली.

"आतली बाजू," ते म्हणाले.

"मी सांगं व्हतं," सुंदरबाई धनसिंगला म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. धनसिंग घोडीचं शेपूट सारखं करायला लागला.

आबांनी गाठीची जागा सोडून खिळे मारले. दर ठोक्याला कान लावून ऐकला, खिळ्याची टोकं वळवली, कानस फिरवली. पाय खाली ठेवला तेव्हा सुनंदाच्या बांगडीशेजारी खुराची माती आणि तेल माखलं होतं. तिनं ते पुसलं नाही.

दत्तजयंतीच्या सकाळी शर्यत झाली. धनसिंग टांग्यावर चढला, आबा मात्र माळाच्या कडेला पाठ करून बसले. त्यांना शर्यत कधीच बघवत नसे. ते डोळे मिटून टापा ऐकत. धुळीचा लोट आला आणि गेला, लोक ओरडले. मैना दुसरी आली. पहिली आलेली घोडी शहाद्याची होती, तिच्याही नाला आबांच्याच होत्या, पण ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. ते पळत गेले, वयाला शोभणार नाही इतके, आणि धनसिंग टांग्यावरून उतरायच्या आत त्यांनी मैनेला चार पावलं चालवून पाहिलं. चारी पाय सारखे पडत होते. पुढचा उजवा उचलून तळहातानं चाचपला. खूर थंड होता, म्हणजे आत कुठं दुखावला नव्हता.

धनसिंगनं आबांच्या पायाला हात लावला. "तवय जास्ती बोलनू मी," तो म्हणाला. आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सुंदरबाईनं तिथंच माळावर सुनंदाची नारळ-खणानं ओटी भरली. ओटी घेताना सुनंदानं पदर पसरला आणि मग तिला रडूच आवरेना. शेवंताबाई म्हणाली, "रड माय, रडी ल्हे. धूळ बी निंघी जाई."

परतीच्या एसटीत सुनंदा आबांच्या मागच्या बाकावर बसली होती. दोंडाईचा मागं पडल्यावर तिनं पुढं वाकून विचारलं, "आबा, त्या दिवशी तुम्ही चांगलं केलं म्हणाले. तुम्हाला तं बठ्ठं माहीत व्हतं."

आबा खिडकीतून कापसाची शेतं पाहत होते. तिकडेच पाहत ते म्हणाले, "तू काय मागं व्हतं देवजोडे?"

"जनावराला दुखापत होऊ नाई म्हणून."

"व्हयनी का?"

सुनंदानं नाही म्हणून मान हलवली. आबा पुन्हा खिडकीबाहेर पाहायला लागले.

नंतर भिंतीवर पुन्हा सुतं आली. वातींचा कापूस शेवंताबाईनं डबा आणून वेगळा ठेवला, आणि गल्लीतल्या प्रत्येकीला दाखवून "हाऊ वातीसना, तो घोडासना" असं सांगून सुनेला वर्षभर छळलं. मधल्या खुंटीवर मैनेचं जुनं सूत राहिलं. पुढं आबांची नजर उतरली, तेव्हा माप घ्यायला सुनंदा बसू लागली. आबा खूर तासत, अंगठ्यानं चाचपत आणि सांगत, आणि ती सूत लावून गाठ मारत असे. पक्की गाठ तर तिनंच मारायची, कारण आबांच्या बोटांत आता तेवढा जोर नव्हता.

एकदा साक्रीकडचा एक शेतकरी नवी शिंगरी घेऊन आला. आबा ओट्यावर पडून होते. ते उठायला लागले तसा तो म्हणाला, "राहू द्या आबा, पडी राहा. सुनंदाबाई माप ल्हेतीन. मनी पहिली घोडीनं माप त्यासनीच लिधं व्हतं. त्यासना हात चांगला शे."

सुनंदा आतून सूत घेऊन येत होती, ती दारातच थांबली. तिनं आपले दोन्ही हात पुढं धरून पाहिले, उलटे आणि सुलटे, दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे. आबांनी ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, कारण त्यांना रडू येत होतं. मग ती बाहेर आली आणि शिंगरीचा पाय मांडीवर घेऊन बसली.